मुंबई ते कराची : अंतर किती, वाट किती?

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरकराला अंतराची ओळख करून द्यावी लागत नाही. शून्य मैलाचा स्तंभ, त्याच्याजवळचे चार अश्व आणि जबलपूर, हैदराबाद, छिंदवाडा या गावांची दगडात कोरलेली अंतरे येथील प्रत्येकाने लहानपणीच पाहिलेली असतात. परंतु दगडावरचे अंतर आणि प्रवाशाच्या वाट्याला येणारे अंतर नेहमी एकच असते काय? मुंबई आणि कराची या दोन बंदरांकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते.

या दोन नगरांतील सरळ अंतर सुमारे 900 किलोमीटर, म्हणजे नागपूर-मुंबई लोहमार्गाहून थोडेसेच अधिक. 1936 पर्यंत सिंध हा मुंबई प्रांताचाच भाग होता. कराचीत 1855 साली स्थापन झालेली शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याचे नाव धारण करते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी मुंबईत जुहूला उतरले. त्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानाला सुमारे सात तास लागले.

पुढे 1947 साली देशाची फाळणी झाली. सिंधमधील हिंदू कुटुंबे घरदार सोडून भारतात आली. त्यांतील अनेकांनी नागपुरात जरीपटक्याला नवा संसार उभारला. तरीही वाट पूर्ण बुजली नव्हती. मुनाबाव-खोखरापारची रेल्वे 1965 च्या युद्धात तुटली, ती 41 वर्षांनी, 18 फेब्रुवारी 2006 रोजी, थार एक्सप्रेसच्या रूपाने पुन्हा धावू लागली. 2019 च्या ऑगस्टमध्ये तीही थांबली. मुंबई-कराची थेट विमाने त्यापूर्वीच बंद पडली होती. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचा मार्ग बंद झाला आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही मिटले.

दुबईमार्गे मुंबईहून कराची गाठायची, तर प्रवास तीन हजार किलोमीटरांवर जातो. परक्या विमानतळावरील खोळंबा धरला, तर आधुनिक जेट विमानालाही 1932 च्या त्या चिमुकल्या विमानाहून कमी वेळ लागेलच, असे नाही. यंत्राने कमावलेला वेळ सीमेने गमावला.

मग दोष केवळ सीमेचा आहे काय? सीमा नेपाळशीही आहे. बिहारमधील जयनगरहून सीतामाईच्या जनकपूरला 2022 च्या एप्रिलपासून पुन्हा रेल्वे जाऊ लागली, आणि तेथे जाण्यासाठी भारतीयाला व्हिसा लागत नाही. जेथे विश्वास आहे तेथे सीमा ही नुसती रेषा असते. जेथून दहशतवाद पाठविला जातो तेथे तिची भिंत होते. ती भिंत कोणी हौसेने बांधत नाही, पण तिची किंमत सामान्य माणूसच मोजतो.

सिंधमधून स्वतः चालत, रेल्वेने वा बोटीने आलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची गावे, तेथील नदीचे घाट, सोडलेल्या घराचे कुलूप या गोष्टी त्यांच्याबरोबरच नाहीशा होतील. नागपूरच्या तरुणांनी जरीपटक्याला जावे, त्या वृद्धांजवळ बसावे आणि त्यांची हकिकत लिहून घ्यावी. वाट बंद असली, तरी वाटेची आठवण बंद पडू देऊ नये.