इकोचे चित्र, हृदयाचे यंत्र आणि आपले प्रश्न



अब्बा किंवा अम्मी आजारी पडले की फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बसतो तो घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी. म्हणजे तुम्हीच. म्हणून आज एका महागड्या यंत्राबद्दल बोलतो.

हृदय अशक्त झालेल्या काही रुग्णांमध्ये विजेचा संदेश डाव्या कप्प्याच्या एका भिंतीपर्यंत उशिरा पोहोचतो. एक भिंत आकुंचन पावते तेव्हा दुसरी मागे राहते. सीआरटी हा खास पेसमेकर दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देतो. योग्य रुग्णाची धाप कमी होते, आयुष्यही वाढते. पण साधारण तीनपैकी एका रुग्णाला अपेक्षित फायदा होत नाही. मग तो कोणाला होईल हे आधी कसे ओळखायचे?

इकोमध्ये भिंती हलताना दिसतात. कोणती भिंत मागे पडते ते पाहून रुग्ण निवडावा, हा विचार कोणालाही पटेल असा होता. २००८ साली प्रॉस्पेक्ट या अभ्यासात ४९८ रुग्णांवर इकोची १२ मापे तपासली गेली. एकही माप निवडीसाठी भरवशाचे ठरले नाही. एकाच चित्रावरून वेगवेगळे तज्ज्ञ वेगवेगळे आकडे काढत होते.

पुढे इको-सीआरटी ही चाचणी झाली. यातल्या रुग्णांचा ईसीजी रुंदावलेला नव्हता, पण इकोत भिंतींचा मेळ बिघडलेला दिसत होता. यंत्र सगळ्यांना बसवले. निम्म्यांचे सीआरटी चालू ठेवले, निम्म्यांचे बंद. २०१३ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. सीआरटी चालू असलेल्या ४०४ जणांपैकी ४५ दगावले, बंद असलेल्या ४०५ पैकी २६. पटणाऱ्या विचारावर विसंबून ही चाचणी केलीच नसती, तर हे नुकसान कोणाच्या लक्षातही आले नसते.

मग चित्रे निरुपयोगी आहेत का? नाही. हृदय किती रक्त बाहेर ढकलते हे इकोच सांगते. ते प्रमाण ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तरच सहसा या यंत्राचा विचार होतो. स्नायूत मेलेला भाग कुठे आहे हे एमआरआय दाखवते. तिथे तार बसवली तर उपयोग कमी. २०१२ च्या टार्गेट चाचणीत २२० रुग्ण होते. इकोने जागा हेरून तार बसवलेल्या गटात ७० टक्क्यांना फायदा झाला, नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्क्यांना. थोडक्यात, रुग्णाची निवड मुख्यतः ईसीजीवरून, आणि तारेची जागा ठरवायला चित्राची मदत.

मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट. २०१४ साली अमेरिकेत तीन चाचण्यांतल्या ४,०७६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात स्त्रिया फक्त २२ टक्के होत्या. तरीही दिसले ते असे, की ईसीजीची रुंदी १३० ते १४९ मिलिसेकंद आणि डाव्या बाजूचा ब्लॉक असेल, तर स्त्रियांना मोठा फायदा होतो; पुरुषांना तसा दिसला नाही. म्हणजे पुरुषांवरून काढलेला नियम अम्मीला लावला तर तिचा उपचार हुकू शकतो.

तेव्हा दागिने विकण्याआधी विचारा: ईसीजीची रुंदी किती? ब्लॉक डाव्या बाजूचा आहे का? औषधे पूर्ण मात्रेत पुरेसे महिने दिली का? मेलेला भाग कुठे आहे? दुआ जरूर करा, पण हे प्रश्नही विचारा. ते विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे, आणि त्याने ईमानही कमी होत नाही.