शिरगणतीचे रकाने आणि संततिनियमन



१७३२ साली डाकोर येथे मारल्या गेलेल्या पिलाजीराव गायकवाडांचा अंत्यसंस्कार सावलीस झाला, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. पुढे बडोदे संस्थानाच्या शिरगणतीत हेच सावली घरोघर मोजले गेले, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या शिरगणतीत वयोमानाप्रमाणे विवाहितांचे व विधवांचे रकाने असत. अजाण मुलीही त्यांत सापडत. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास कायद्याने आळा घातला. त्याचे फलित किती, हे पुढील शिरगणतीच्या त्याच रकान्यांत पाहता येई. वक्तृत्वाची गरज नव्हती.

संततिनियमनाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. रघुनाथराव कर्वे १९२१ पासून मुंबईत हे कार्य करीत होते. लोकसंख्येच्या चर्चेपेक्षा स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा यांवर त्यांचा भर अधिक, आणि तोच योग्य म्हटला पाहिजे. १९३८ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांनी तयार केलेला ठराव रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. बाजूने ११, विरुद्ध ५२!

१९५१ च्या शिरगणतीत छत्तीस कोटींचा आकडा निघाला, आणि जे युक्तिवादाने साधले नव्हते ते धास्तीने साधले. पहिल्या योजनेत कुटुंबनियोजनासाठी पासष्ट लक्ष रुपये ठेवण्यात आले. परंतु धास्तीला स्त्रीच्या इच्छेचा रकाना नसतो. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते तेथेच थांबले.