दुखणं थांबलं, पण खातं बंद झालं का?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अध्यक्षांनी मला सोसायटीच्या आठवणी सांगायला उभं केलंय. पंचवीस वर्षांपूर्वी आपण चितेगावात राहायला आलो, टँकर आला की बादल्या घेऊन धावायचो, हे तुम्ही दर वर्षी ऐकता. ते आज नको. गेल्या गणेशोत्सवातली एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

महाप्रसाद झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरोघरी ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. दोन लहान मुलांना सलाईन लावावं लागलं. कमिटीची तातडीची बैठक झाली. टाकीचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. मग सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकाच्या मावशींकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मला काहीच झालं नव्हतं. घरीही कुणाला नाही." तरी यापुढे त्यांना बोलवू नये, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला.

दिवाळीला माझी डॉक्टर पुतणी आली. सगळं ऐकून तिने विचारलं, "काका, वाढायला कोण कोण होतं?" मी हौसेने नावं सांगितली. पहिलं नाव माझंच. प्रसादाचा शिरा मी हाताने द्रोणात भरत होतो. "त्या आठवड्यात तुमचं पोट ठीक होतं?" मी गप्प झालो. आदल्या दिवसापर्यंत मला जुलाब होत होते. गोळी घेतली, थांबले, आणि सकाळी अंघोळ करून, हाताला सॅनिटायझर लावून मी उभा राहिलो. मनाने अगदी सोवळ्यात!

तिने मला नोरोव्हायरसबद्दल सांगितलं. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली होती, त्या गावावरून हे नाव पडलं. आपल्याकडेही तो आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. बातम्यांत जीबीएस गाजला, हे नाव मागे राहिलं.

संसर्ग झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो. इथेच आपण फसतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दुखणं थांबलं, पण खातं बंद झालेलं नसतं, शिल्लक पुढे ओढली जाते. ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासात, जो २००८ साली प्रसिद्ध झाला, स्वयंसेवकांना मुद्दाम हा विषाणू दिला होता. १६ जणांना संसर्ग झाला, पण आजारी म्हणावेत असे ११ जणच पडले. विष्ठेतून विषाणू बाहेर पडणं मात्र कुणात १३ दिवस, तर कुणात ५६ दिवस चाललं. चाचणीत अंश सापडला म्हणजे प्रत्येक वेळी तो दुसऱ्याला लागेलच असं नाही, आणि जास्त धोका आजारात व त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो. पण लागण व्हायला अगदी थोडे कण पुरतात. आणि ज्याला काहीच त्रास झाला नाही, त्याच्याही पोटात तो असू शकतो.

आपल्याकडे नोरोव्हायरसच होता का, तो माझ्या हातून आला की आणखी कुणाच्या, हे आता कळायचं नाही. कुणाचीच तपासणी झाली नव्हती. मावशींचं काम मात्र पुराव्याशिवाय गेलं. कर्जाच्या फायलीत एक कागद कमी असला तर मी सही करत नसे. इथे एकही कागद नव्हता आणि मी ठराव मांडला.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, पोट बिघडलं म्हणून आम्ही घरी बसलो, तर त्या दिवसाचे पैसे कोण देतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज सभेपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, उलट्या-जुलाब थांबल्यावर निदान ४८ तास कुणीही स्वयंपाकाला किंवा वाढायला उभं राहू नये, मग तो अध्यक्ष असो वा मी. दोन, हॉलच्या बेसिनवर साबण कायम असावा. सॅनिटायझरला हा विषाणू फारशी दाद देत नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने हात चोळून धुवावे लागतात. आपण बरे असलो तरी धुवायचे. तीन, कुणी ओकलं तर ती जागा हातमोजे घालून पुसावी आणि ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी. चार, स्वयंपाकाच्या आणि सफाईच्या माणसांना अशा आजारात पगारी सुट्टी द्यावी. ती दिली नाही, तर ते दुखणं लपवून येतील, आणि दोष मग आपलाच असेल.

माझा जुना ठराव मी मागे घेतो. यंदाच्या गणपतीत महाप्रसाद मावशीच करतील, अशी विनंती करतो. मी बाहेर चपला सांभाळायला बसेन.