शाळेची निवडणूक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली. शेवटची सात वर्षं मी मुख्याध्यापिका होते. माझे वडीलही शिक्षक होते, पण त्यांना गावात 'बोर्डाचे मास्तर' म्हणत. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. त्याआधी प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत. त्यामुळे 'स्कूल बोर्ड' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. बोर्ड म्हणजे बदलीचा हुकूम, बोर्ड म्हणजे तपासणीला येणारे साहेब, एवढाच त्याचा अर्थ आमच्या घरात होता. त्या बोर्डावर कोण बसतं आणि त्यांना कोण निवडून देतं, हा प्रश्न वडिलांना कधी पडला नाही आणि मलाही पडला नाही.

तो पडला वयाच्या पासष्टीत, आणि तोही न्यू जर्सीत.

माझी लेक तिथं अकरा वर्षं राहते. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मी तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेले होते. मोठा नातू तिसरीत. धाकटी नात चार वर्षांची, पुढच्या वर्षी बालवर्गात जायची. तिथं त्याला किंडरगार्टन म्हणतात. ऑक्टोबर लागला आणि रस्त्याच्या कडेला, लोकांच्या अंगणातल्या हिरवळीवर छोट्या छोट्या पाट्या दिसायला लागल्या. एकेका पाटीवर एकेक आडनाव आणि खाली 'शिक्षण मंडळासाठी'. मला वाटलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाची जाहिरात असेल. लेक म्हणाली, "नाही गं आई, निवडणूक आहे. शाळेची."

मग तिनं मला सगळं समजावून दिलं. अमेरिकेत असे शालेय जिल्हे सुमारे १३ हजार आहेत. एकट्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास. बहुतेक ठिकाणी त्या जिल्ह्याचं मंडळ मतदार थेट निवडून देतात. जिल्हा म्हणजे आपल्यासारखा मोठा नव्हे, कित्येकदा एका गावापुरताच. मंडळावर साधारण नऊ जण, मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तिघांची निवडणूक. मानधन नाही. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. उभं राहायला तेव्हा दहा सह्यांचा अर्ज पुरत असे. उमेदवार नागरिक हवा, त्या गावात निदान एक वर्ष राहिलेला हवा आणि त्याला लिहिता-वाचता आलं पाहिजे. पदवीची अट नाही.

हे मंडळ रोजची शाळा चालवत नाही. ते मुख्य शिक्षणाधिकारी नेमतं, धोरण ठरवतं आणि अंदाजपत्रक मंजूर करतं. खरी गोम या अंदाजपत्रकात आहे. न्यू जर्सीतली घरपट्टी देशात सर्वांत जास्त म्हणून प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये तिची सरासरी वर्षाला साडेनऊ हजार डॉलरच्या वर होती, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा शाळांना जातो. म्हणजे ज्याची मुलं शाळेत आहेत तोही भरतो, ज्याची नाहीत तोही भरतो. मग निवडणुकीत वाद होणारच.

एका संध्याकाळी उमेदवारांची सभा होती. लेक निघाली, मीही शाल घेऊन तिच्याबरोबर गेले. अशा सभा बऱ्याच गावांत लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था घेते. १९२० साली, तिथल्या बायकांना देशभर मताचा अधिकार मिळाला, त्याच वर्षी ती स्थापन झाली. ती कुणा उमेदवाराचा प्रचार करत नाही, फक्त मतदारांची आणि उमेदवारांची गाठ घालून देते.

सभा शाळेच्या सभागृहात होती. हार नाहीत, तुरे नाहीत, दीपप्रज्वलन नाही. टेबलामागे सहा उमेदवार बसलेले, जागा तीन. पहिल्या रांगेत एक बाई हातात दोन कार्डं घेऊन बसल्या होत्या. पिवळं कार्ड दाखवलं की अर्धा मिनिट उरला, लाल दाखवलं की थांबायचं. आणि उमेदवार खरोखर थांबत होते! आपल्याकडच्या सभांची सवय असलेल्या मला तेच पहिलं नवल वाटलं. दारातच प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली होती. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. नाव लिहायला नको, आपण नागरिक आहोत की नाही हेही सांगायला नको.

हे महत्त्वाचं, कारण माझ्या लेकीला तिथं मत नाही. ती घरपट्टी भरते, मुलं त्याच शाळेत घालते, पण नागरिक नाही. तिनं चिठ्ठीवर लिहिलं, 'आपल्या गावात बालवर्ग अर्ध्या दिवसाचाच आहे. पूर्ण दिवसाचा करणार का? आणि त्याचे पैसे कुठून आणणार?' दुसरं वाक्य मी तिला घालायला सांगितलं होतं. मुख्याध्यापिकेची सवय.

तिचा प्रश्न निघाला. एक तरुण उमेदवार जोरात म्हणाला, "नक्की करणार." टाळ्या पडल्या. पैशांचं त्यानं सांगितलं नाही. निवृत्त हिशेबनीस असलेले एक गृहस्थ म्हणाले, "शाळांसाठीचा कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही, असा राज्याचा कायदा आहे. काही अपवाद आहेत, पण थोडे. शिक्षक वाढवायचे तर कुठं तरी कापावं लागेल. कुठं कापू ते तुम्ही सांगा." टाळ्या नाहीत. तिसऱ्या एक बाई होत्या, तीन मुलांची आई. त्या म्हणाल्या, "किती वर्गखोल्या लागतील हे मला आज माहीत नाही. निवडून आले तर पहिल्या तीन महिन्यांत आकडा काढून जाहीर सभेत सांगेन." मला त्याच बाई आवडल्या.

मग बसच्या फेऱ्या झाल्या, गणिताच्या वरच्या वर्गाला कुणाला घ्यायचं ते झालं, वाचनालयातल्या एका पुस्तकावरून जरा आवाज चढले. पुस्तक काढा म्हणणारेही पालक आणि ठेवा म्हणणारेही पालक. मला त्यातले बारकावे कळले नाहीत, पण एक कळलं. जे काही बोलायचं ते तोंडावर, सगळ्यांदेखत बोलत होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा निवडणुकीनं काय होतं? शेजारच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मंडळानं २००४ मध्ये ठरवलं, की नववीच्या मुलांना जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतिवादाविषयी शंका घेणारं एक निवेदन वाचून दाखवायचं आणि 'बुद्धिमान रचना' नावाच्या दुसऱ्या मताची ओळख करून द्यायची. पालक न्यायालयात गेले. निकाल लागायच्या आधीच नोव्हेंबर २००५ मध्ये निवडणूक आली आणि मतदारांनी उभ्या असलेल्या आठही जुन्या सदस्यांना घरी पाठवलं. न्यायालयाचा निकाल २० डिसेंबरला लागला, तोही त्या मंडळाच्या विरोधात. वादींच्या वकिलांचा दहा लाख डॉलरचा खर्च मात्र त्या छोट्या गावाच्या शाळांना सोसावा लागला.

आणखी एक गोष्ट मला तिथं वाचताना कळली, ती बायकांना आवडेल. अमेरिकेतल्या केंटकी राज्यानं १८३८ सालीच काही बायकांना, म्हणजे विधवा किंवा कुटुंबप्रमुख बायकांना, शाळेच्या निवडणुकीत मत दिलं होतं. इंग्लंडमध्ये १८७० मध्ये लंडनचं स्कूल बोर्ड निवडलं गेलं, तेव्हा एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोघी निवडून आल्या. पार्लमेंटसाठी बायकांना मत मिळायला १९१८ उजाडावं लागलं. मुलांच्या शाळेचं आईला कळतं, एवढं मान्य करूनच पुरुषांनी दार किलकिलं केलं म्हणायचं.

सभा संपली तरी वाद संपला नाही. तो आमच्या शेजाऱ्यांच्या दारात सुरू झाला. शेजारचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे राहणारे. दुसऱ्या दिवशी पानं गोळा करताना ते लेकीला म्हणाले, "तो प्रश्न तुझाच होता ना? मी ओळखला. माझी मुलं शाळा सोडून तीस वर्षं झाली. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी भरतोय. शाळा चांगली म्हणून माझ्या घराला भाव आहे, हे खरं. पण त्याच करापायी उद्या मला हे घर विकावं लागेल."

लेक म्हणाली, "मला अर्ध्या दिवसानंतर मुलीला पाळणाघरात ठेवावं लागतं. त्याचे पैसे तुमच्या करवाढीच्या कितीतरी पट आहेत."

"ते तुझे पैसे. माझे नव्हेत."

"तुमच्या मुलांच्या वेळी कुणी तरी म्हातारं भरतच होतं की!"

मी मध्ये पडायला निघाले, तर जावयांनी खुणेनं थांबवलं. दोघं अर्धा तास बोलत होती. भांडण म्हणावं तर कुणी आवाज चढवला नाही, गप्पा म्हणाव्यात तर कुणी माघार घेतली नाही. शेवटी आजोबा म्हणाले, "तुला मत नाही. मला तीन आहेत. दोन मी माझ्या मनानं देणार. तिसरं कुणाला देऊ, सांग."

लेकीनं त्या आकडा काढते म्हणणाऱ्या बाईंचं नाव सांगितलं. ७ नोव्हेंबरला मतदान झालं. आजोबांनी कुणाला मत दिलं ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. हिशेबनीस निवडून आले. त्या बाई थोडक्यात पडल्या. टाळ्या घेणारा तरुण मात्र आला! तेव्हा तिथं सगळं आदर्श आहे असं मी सांगत नाही.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण वेगळंच होतं.

श्रोतेहो, आपल्याकडेही शाळेची निवडणूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या बायका हव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख करायची, विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते पाहायचं, ही कामं कायद्यानंच तिला दिली आहेत. पालकांनी सभेत आपले प्रतिनिधी निवडायचे. मुख्याध्यापक तिचा सचिव. म्हणजे आमच्या शाळेत सचिव मी.

आणि मी काय केलं? सभेची नोटीस काढली. सुगीचे दिवस, सात-आठ पालक आले. मग मी आणि गावातल्या दोघा जाणत्यांनी ऑफिसात बसून यादी केली. बायका निम्म्या, मागासवर्गीय इतके, सगळे रकाने बरोबर भरले. इतिवृत्तात 'सर्वानुमते निवड' असं लिहिलं आणि रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर सह्यांना पाठवलं. एका घरी मी स्वतः गेले. ती बाई शेतमजुरीला जायची, तिची मुलगी आमच्या सहावीत होती. हात पुसून तिनं पेन घेतलं आणि विचारलं, "बाई, कशावर सही करत्ये मी?"

मी म्हटलं, "शाळेचं काम आहे गं. कर."

तिनं केली. विश्वासानं केली.

पुढच्या वर्षी तीच बाई एकदा शाळेच्या फाटकाशी थांबली होती. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मोडलं होतं, तिची पोर दिवसभर पाणी पीत नव्हती. ती मला म्हणाली, "हे कुणाला सांगायचं असतं, बाई?" मी म्हटलं, "वर कळवलंय." खरंच कळवलं होतं. दार बसायला सात महिने लागले. पण हे सांगायचं ज्या समितीला, त्या समितीवर ती स्वतः होती, हे मी तिला सांगितलं नाही. मला सांगावंसंच वाटलं नाही. अनुदानाच्या हिशेबात एक पैशाची चूक मी कधी होऊ दिली नाही, माझं दप्तर तपासणीत नेहमी उत्तम ठरलं. त्याच दप्तरात तिची ती सही आहे.

न्यू जर्सीच्या त्या सभेत कोऱ्या चिठ्ठीवर लेक प्रश्न लिहीत होती, तेव्हा मला त्या बाईचं पेन धरणं आठवलं. माझ्या लेकीला मत नव्हतं, पण प्रश्न होता. त्या बाईकडे कायद्यानं दिलेलं सगळं होतं आणि ते मी कपाटात ठेवलं होतं.

परत आल्यावर मी तिच्या घरी गेले. मुलगी आता नर्सिंगचं शिकते. चहा झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती समितीवर होती, त्या दाराचं समितीत मांडायचा तिला हक्क होता, खर्चाचा हिशेब मागायचाही होता, आणि मी हे तिला सांगितलं नाही. मला वाटलं, ती रागवेल किंवा 'जाऊ द्या बाई' म्हणेल.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तवाच सांगायचं की, बाई. माझा दादला सुतारकाम करतो. दोन दिवसांत दार बसवलं असतं."