पेटीतले रुपये आणि विम्याचा कागद

हसनाबाद आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

विमा म्हटलं की आपल्याला दोनच आठवतात. बँकेच्या खात्यातून दरसाल कापला जाणारा २० रुपयांचा अपघात विमा, आणि पिकाचा विमा. घरातल्या जुन्या नाण्यांचा विमा हा विषय बैठकीत निघाला तेव्हा काही जणी हसल्या. ज्यांच्या पेटीत सासूनं दिलेले चांदीचे रुपये आहेत, त्या मात्र हसल्या नाहीत.

असे रुपये आपल्याकडं बऱ्याच घरांत निघतात. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथं चालायचा तो हाली सिक्का, आणि इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. हाली १९५९ साली बाजारातून गेला, लक्ष्मीपूजनाच्या ताटातून गेला नाही. चारमिनारचं चित्र असलेला तो हाली. राणीचं किंवा राजाचं तोंड असलेला तो कलदार. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. जुन्या हालीत ८२ भाग. १९४० ते १९४५ च्या कलदारात मात्र चांदी निम्मीच. म्हणून ‘चाळीस रुपये आहेत’ एवढ्यानं किंमत कळत नाही. सराफ वजनावर भाव करतो, नाण्यांचा शौकीन साल आणि छाप बघतो. आणि चिंच, राख लावून नाणं घासू नका. चकाकी येते, पण शौकिनाच्या लेखी किंमत उतरते.

आता मुद्द्याचं. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी घर बांधायला कर्ज काढलं, त्यासोबत घराचा विमाही निघाला. सगळे कापूस वेचायला गेलेले असताना घर फुटलं. सासूबाईंचे रुपये गेले. त्यांच्या नावावर जमीन नाही, सोनं मुलीच्या लग्नात गेलेलं. स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. विमा आहे म्हणून त्या निश्चिंत होत्या. कंपनीनं कागद दाखवला: नाणी यात नाहीत, आणि नुसती चोरीही नाही.

ते खरंच तसं असतं. २०२१ पासून विमा कंपन्यांकडं ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. चोरी मात्र अशा आपत्तीमुळं आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि नाणी? पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय ती धरतच नाहीत. मौल्यवान वस्तूंसाठी जादा हप्ता भरून वेगळं कलम जोडता येतं. त्यात किंमत आधी ठरते, आणि ती ठरवायला जाणकाराचा दाखला मागतात. म्हणून विमा विकणाऱ्या भाऊंना तीन गोष्टी विचाराच: नाणी नावानिशी लिहिणार का, घरफोडी धरणार का, घर मातीचं किंवा पत्र्याचं असेल तर चालेल का? तोंडी ‘हो ताई’ म्हटलेलं कामाचं नाही, कागदावर दाखवा म्हणा.

पण खरं सांगायचं तर दहा-वीस रुपयांसाठी वेगळा विमा काढायला आम्ही कुणाला सांगत नाही. संग्रह मोठा असेल, एखादं दुर्मीळ नाणं असेल, तर जरूर काढा. थोडी असतील तर बँकेचं लॉकर बघा. तिथंही एक ध्यानात ठेवा: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीनं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं १५०० रुपये असेल तर दीड लाख. पुरानं किंवा भूकंपानं गेलं आणि त्यात बँकेची हयगय नसेल, तर तेही नाही.

यादी मात्र प्रत्येकीनं करा, विमा काढा किंवा न काढा. त्या बाईंच्या फिर्यादीत फक्त ‘जुनी चांदीची नाणी’ एवढंच लिहिलं गेलं. किती, कोणती, काहीच नाही. उद्या ती सापडली तरी आपलीच हे कशावरून सांगणार? प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. साल लिहा, सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या. हालीवरचं साल हिजरी असतं, ते उर्दू शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या. कुणी दिली, केव्हा दिली, तेही लिहा. एक प्रत माहेरी ठेवा. त्याच पेटीत ठेवाल तर चोर तीही नेईल.

शेतात नांगरताना नाणी सापडली तर ती या यादीत घालू नका. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तसा १८७८ चा कायदाच आहे. आपलं भोकरदन सातवाहनांच्या काळातलं गाव, तिथल्या उत्खननात त्या काळची नाणी निघालीत. तेव्हा हे आपल्याकडं घडू शकतं. तसंच ‘तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे उकळतात; बँकेनं स्वतः २०२१ साली तसं जाहीर केलंय.

विमा असून दावा नाकारला, तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाता येतं, त्याला फी लागत नाही. विमा नियामकाचा मोफत नंबर १५५२५५. पॉलिसी वाचायला अवघड वाटली तर गटाच्या बैठकीला घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू.