बंद गोदामातला दाब



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे झाले ते बाजाराच्या आवारात, हमालांच्या पाळ्या लावता लावता. तरी मेंदूतील दाबावर बोलण्याचे धाडस करतो, कारण आमच्या एका सोबत्याचा तो दाब वाढत होता तेव्हा आम्ही शेजारी बसून त्याला सोडा-लिंबू पाजत होतो.

त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. पहाटे उठला की डोके ठणके, उलटी होई, मग थोडे हलके वाटे. आम्ही ठरविले, हे पित्त! चौथ्या दिवशी तो झोपाळला. हाक मारली तर नुसते 'हूं' म्हणे. जवळच्या एका दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेतली. आग्रह आमचाच. बाटली लागल्यावाचून इलाज झाला असे आम्हां कामकऱ्यांस वाटतच नाही.

आता कवटी म्हणजे काय, तर हाडाचे बंद गोदाम. आत मेंदू, रक्त आणि पाणी असा तिघांचा माल. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग रक्तावाटे तिथे पोचला की गाठ धरतो. गाठ कधी लहानच असते, पण तिच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या पाझरतात आणि सूज मोठी येते. चौथा माल आला, भिंती तर सरकत नाहीत. आधी पाणी व रक्त थोडी जागा देतात. ती संपली की मेंदूच खालच्या भोकाकडे रेटला जातो, आणि तिथेच श्वास चालविणारा भाग आहे. रात्री आडवे पडल्याने दाब चढतो, म्हणून दुखणे पहाटेचे. साध्या ग्लुकोजच्या बाटलीतली साखर शरीर वापरते, उरते निव्वळ पाणी. ते सुजेत भर घालते. हे आम्हांस नंतर कळले.

शहरातल्या डॉक्टरांनी प्रथम त्याचे डोके उशाकडून तीस अंश उचलले, मान सरळ ठेवली, प्राणवायू लावला. मग शिरेतून मॅनिटॉल दिले. ते मेंदूतले पाणी रक्तात ओढून लघवीवाटे काढते, आणि अर्ध्या तासाच्या आत काम सुरू करते. पण तो उतार काही तासांचाच. सोबत डेक्सामेथासोन. करोनाच्या साथीत २०२० साली याचे नाव घरोघरी पोचले. मेंदूच्या सुजेवर त्याचा गुण अमेरिकेतील गॅलिसिच व फ्रेंच यांनी १९६१ सालीच मांडला होता. ते पाझर आवरते, पण त्याला तास लागतात. म्हणून ते लवकर सुरू व्हावे लागते. मग सी.टी. स्कॅन, आणि गाठ पाहून शस्त्रक्रिया की किरणोपचार हे ठरते.

सिल्लोडहून फुलंब्रीमार्गे संभाजीनगर साठाहून अधिक किलोमीटर. ही दोन्ही औषधे महाग नाहीत. तेव्हा कर्करोगी माणसाला पहाटेची डोकेदुखी, उलटी, गुंगी, एक बाहुली मोठी, यांतले काही दिसले तर १०८ ला फोन करावा, आणि गाडी हलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, "दाबावरचे औषध इथूनच सुरू करता येईल का?" विचारण्यात लाज कसली? मजुरीचा दर आम्ही विचारतोच की! गुंगीतल्या माणसाला पाणी पाजू नये. झटका आला तर कुशीवर वळवावे. कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही कोंबणे नको. आणि पुढे बरे वाटले म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

आमचा सोबती दुसऱ्या दिवशी डोळे उघडून बोलला, "आज पाळी कोणाची?" किरणोपचार झाले. पुढे तो पाच महिने जगला. त्या महिन्यांत त्याने भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वारस म्हणून बायकोचे नाव चढवून घेतले. कागद आम्हीच नेला होता. सही त्याने स्वतःच्या हाताने केली.