थंडीत मोटार सुरू होत नाही तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवसांत मोटारीवर भाषण कशाला, असे काही जणींच्या मनात आले असेल. परंतु विषय याच दिवसांतला आहे. पौष-माघात आपल्या नाशकात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली जातो, आणि मग सकाळी सहापासून गल्लीत एक ओळखीचा आवाज येऊ लागतो : घुर्र, घुर्र, घुर्र. कुणाची तरी जुनी गाडी उठायला तयार नसते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांची बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेली, वापरलेली गाडी आहे. काही जणींची मारुती ८०० अजून धावते. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले, म्हणजे सर्वांत धाकटी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची समजायची. अशा गाडीबद्दल "विकून टाका आणि नवी घ्या" हा सल्ला फुकट मिळतो. पैसे मात्र कोणी देत नाही. तेव्हा जुन्या गाडीशी नीट संसार कसा करावा, हेच पाहू.

थंडीत गाडी का अडते? तूप थिजते तसे इंजिनातले तेल घट्ट होते व ते ढवळायला जोर जास्त लागतो. त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिचा जोर कमी पडतो. शिवाय थंड पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, आणि इंजिनात पेटते ती वाफ. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, असा हा प्रकार आहे.

तथापि एक गोष्ट लक्षात घ्या. आपली थंडी ही काही बर्फाची थंडी नव्हे. प्रकृती ठीक असलेली गाडी ८ अंशांवर निमूट सुरू होते. होत नसेल तर दुखणे आधीचे आहे. थंडीने ते फक्त उघडे केले. बॅटरीचेच पाहा. तिचे आयुष्य खरे खाते ते एप्रिल-मेचे ऊन. उन्हाळ्यात ती आतून झिजते, पावसाळ्यात कशीबशी दिवस काढते, आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे हात टेकते. आपण दोष मात्र थंडीला देतो. आपल्या हवेत साधारण तीन-चार वर्षे झाली की बॅटरीवर नजर ठेवावी. ती कोणत्या महिन्यात बसवली, हे बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. किल्ली फिरवल्यावर गाडी काय बोलते ते ऐका. आपण पोळी भाजताना वासावरून ओळखतो ना, तसेच हे आहे. आवाज तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिला प्रकार : नुसते "टक्" होते, किंवा "टकटकटक" होते, किंवा काहीच नाही. अशा वेळी पुढचे दिवे लावा आणि कुणाला तरी समोर उभे करून किल्ली फिरवा. दिवे मालवल्यासारखे झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच "टक्" आला, तर संशय स्टार्टरवर, म्हणजे आपण ज्याला सेल्फ म्हणतो त्याच्यावर.

इथे आपल्याच एका भगिनीची हकीकत सांगते. नाव सांगत नाही. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पहाटे न्यावे लागे. जानेवारीत गाडी दोनदा अडली. पहाटे रिक्षा मिळेना. सासूबाई शाल गुंडाळून फाटकात उभ्या, आणि तिकडची वेळ चुकली तर खाट दुसऱ्याला जायची. एका गॅरेजने आधी नवी बॅटरी बसवली. चार दिवसांनी तेच. मग सांगितले, स्टार्टर गेला. घरात बोलणी सुरू झाली की ही गाडी काढून टाका. शेवटी शेजारच्या एका निवृत्त एस. टी. मिस्त्रींनी पाहिले. बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या अंगाला जाणारी जाड तार, जिला बॉडी अर्थ म्हणतात, तिच्या बोल्टाखाली गंज चढला होता. मिस्त्रींनी बोल्ट सोडला, पॉलिश कागदाने जागा घासली, परत आवळला. वेळ लागला पंधरा मिनिटे. गाडी अजून तिच्याकडेच आहे. बॅटरी बदलण्याआधी कोणी ती तार हलवून पाहिली असती तर नव्या बॅटरीचे पैसे वाचते.

म्हणून आधी जोडणी पाहावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला असतो. इंजिन बंद करून आधी ऋण टोकाची तार सोडावी, मग धन टोकाची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने टोके घासावीत, पुसून कोरडी करावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. बसवताना उलट क्रम : आधी धन, शेवटी ऋण. वर बोटभर व्हॅसलीन. हातात रबरी मोजे घाला आणि बांगड्या काढून ठेवा. धातूची बांगडी दोन टोकांना एकदम लागली तर तापून हात भाजतो; हा सोसायचा दागिना नव्हे.

ज्यांच्या घरी मुलांचा मल्टिमीटर आहे त्यांनी तो वापरावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती रिकामी समजा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवे. तेवढे येत नसेल तर दोष बॅटरीचाच आहे असे समजू नका. तिला भरणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासायला सांगा.

दुसरा प्रकार : इंजिन फिरते, पण रेंगाळत. बॅटरी अशक्त असते, किंवा तेल फार जाड असते. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. त्यातला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. तो जितका लहान तितके तेल थंडीत पातळ. कोणते घालायचे ते मात्र गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे, दुकानदाराच्या कपाटात काय उरले आहे ते पाहून नव्हे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा : इंजिन चांगले जोरात फिरते, पण पेट घेत नाही. इथे बॅटरीला बोल लावू नका. एक तर पेट्रोल येत नाही, नाही तर ठिणगी पडत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण ओढा, किल्ली फिरवा आणि गाडी लागली की चोक हळूहळू आत सारा. गाडी आठ दिवस उभी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते. ते पुन्हा भरेपर्यंत थोडे जास्त फिरवावे लागते. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी "ओव्हर" झाली. मग चोक आत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि किल्ली फिरवायची. इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो. किल्ली चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद गुंजारव येतो, तो पंप. तो ऐकू आला नाही तर आधी पंपाचा फ्यूज पाहायला सांगा. किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने तुमची किल्लीच ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. जुन्या गाड्यांत प्लगच्या तारांवर दव बसूनही ठिणगी पळते. इंजिन बंद ठेवून तारा कोरड्या फडक्याने पुसल्या तर पुष्कळदा तेवढ्याने भागते.

हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणाले तर त्यांना १८८८ सालची गोष्ट सांगा. मोटारीचा जनक म्हणून कार्ल बेंझचे नाव घेतात. त्याची पत्नी बर्था त्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली, नवऱ्याला न सांगता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली. बाईने टोपीची पिन काढून ती मोकळी केली. इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतले. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीने केला.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे, नाही तर बॅटरीबरोबर स्टार्टरही जायचा. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने जीव जातो. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना लाल तार धनाला धन अशी जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ काडी, उदबत्ती काही नको. धक्का मारून गाडी सुरू करणे हा शेवटचा उपाय, आणि ऑटोमॅटिक गाडीला तर तोही नाही.

ज्या भगिनी वापरलेली गाडी घेणार आहेत त्यांनी ती सकाळी लवकर पाहायला जावे, आणि मालकाला आधी सुरू करू नका असे बजावावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर चहा घेऊन परत या व दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तापलेले इंजिन सगळ्यांचेच सुरू होते.

बाहेर आवारात माझी गाडी बॉनेट उघडून ठेवली आहे. सोडा, ब्रश, मोजे आणि मल्टिमीटरही आणला आहे. अल्पोपाहार झाल्यावर ज्यांना पाहायचे त्यांनी यावे. एका वेळी पाच-सहा जणी, म्हणजे सर्वांना हात लावता येईल.